जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता टक-टक करतो, बॅटरी रात्रीत बसते: नवे भाग घेण्याआधी हे तपासा

शहापूर तालुक्यातून, किन्हवलीच्या बाजूने, एका शेतकरी भावाचा प्रश्न आलाय. त्यांनी नाशिककडून जुना ट्रॅक्टर घेतला. ४२ एचपी, बारा वर्षं वापरलेला, विकताना वरून नवा रंग मारलेला. कसारा घाट उतरून आणला, उन्हाळाभर नांगरट केली, ट्रॉलीची भाडी मारली, काही त्रास नव्हता. पाऊस लागला आणि सकाळी चावी फिरवली की नुसतं टक-टक-टक. कधी उतारावर धक्का मारून चालू करायचा, कधी शेजाऱ्याच्या बॅटरीवरून. हेडलाइट पिवळट, रेस दिली की उजळतात. चावी बंद केल्यावरही चार्जिंगचा लाल दिवा अंधुक जळत राहिलेला काही वेळा दिसलाय. ट्रॉली लावून इंडिकेटर दिला की ब्रेकलाइटही सोबत लुकलुकतो. नवी बॅटरी टाकून झाली, पंधरा दिवसांत तीच गत. आता मेकॅनिक म्हणतो, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) नवा टाका आणि अल्टरनेटरही (बॅटरी भरणारा) बदला. चिखलणी तोंडावर आलीय, काय करू?

दादा, दोन्हीची खरेदी आधी थांबवा.

मी शिळफाट्याला ट्रॅक्टर आणि डंपरच्या वायरिंगचं काम करतो. मुरबाड, शहापूर, कल्याण ग्रामीणचे शेतीचे ट्रॅक्टर येतात, दिवा-डायघर पट्ट्यातले पाण्याच्या टँकरचे येतात, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवरचे येतात. सेकंडहँड ट्रॅक्टरच्या करंटच्या तक्रारीत एखादा भाग खरोखर जळालेला असतोही, पण त्याहून कितीतरी जास्त वेळा दोष असतो दोन भागांच्या मधे. लगमध्ये (केबलच्या टोकाच्या धातूच्या डोळ्यात), नटाखाली, अर्थच्या पट्टीत (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या), कुणीतरी पिळून टेप गुंडाळलेल्या जॉइंटमध्ये. तिथे हात न लावता भाग बदलत जाणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तुमच्या नव्या बॅटरीचं तेच झालंय, आणि नव्या सेल्फचंही तेच होईल.

तुम्ही खुणा फार नीट लिहिल्यात, त्यामुळे बरंचसं इथे बसूनच सांगता येतं. मला यात एक नाही, तीन वेगळे दोष दिसतात. भराभर टक-टक होणं म्हणजे सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोचत नाही. चावी बंद असताना चार्जिंगचा दिवा अंधुक जळणं म्हणजे अल्टरनेटरमधला डायोड (करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेल्याची जवळजवळ खात्री. आणि ट्रॉलीचे दिवे एकमेकांत मिसळणं म्हणजे ट्रॉलीचा अर्थ गेलेला. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही, म्हणून एका भागाने तिन्ही बरे होणार नाहीत. तपासायचा क्रम मात्र पाळा: पहिली बॅटरी, मग अर्थ, मग चार्जिंग आणि शेवटी गळती (सगळं बंद असताना बॅटरीतून जात राहणारा करंट). अर्धवट भरलेल्या बॅटरीवर घेतलेलं पुढचं कुठलंही माप फसवं येतं.

हत्यारं फार लागत नाहीत. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, पाने, वायर ब्रश, पॉलिश पेपर, आणि एक टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प घरीच बनवा: इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, होल्डर आणि दोन लांब वायरी. मीटर असताना बल्ब कशाला, असं वाटेल. मीटर स्वतः करंट जवळपास ओढतच नाही. गंजलेला जोड जेमतेम टेकलेला असला तरी मीटर १२ वोल्ट दाखवतो आणि माणूस म्हणतो, इथे तर सप्लाय आहे. बल्बला जवळपास पावणेदोन अँपिअर लागतात. अशा जोडावर तो पेटतच नाही किंवा मिणमिणतो, आणि खोटं लगेच उघडं पडतं.

बॅटरी. ती ट्रॅक्टरवरून उतरवा आणि चार्जिंगच्या दुकानात मंद गतीने पूर्ण भरून घ्या. ७५-८० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीला ७-८ अँपिअरने रात्रभर लावायची. तासाभरात फास्ट चार्ज करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. प्लेटी तापतात आणि भरल्याचं नुसतं वरवर दिसतं. भरल्यावर काही तास तशीच ठेवा आणि मग मापा. १२.६ वोल्ट किंवा वर असेल तर भरलीय. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही घरांची ग्रॅव्हिटी (ॲसिडचा दाटपणा) बघा. आकडा १२४० आहे की १२७० यापेक्षा सहा घरं एकसारखी आहेत का ते महत्त्वाचं. एखादं घर बाकीच्यांपेक्षा ५० ने खाली असेल तर ते घर गेलंय, आणि वॉरंटी चालू असेल तर आत्ताच दुकानात दाखवा. पाणी घालायचं ते फक्त डिस्टिल्ड. बोअरचं, विहिरीचं किंवा पावसाचं नको.

भरलेली बॅटरी चढवली की सेल्फ मारताना तिच्या दोन खांबांवर मीटर धरा. साडेनऊच्या खाली जायला नको. सातापर्यंत बसत असेल तर एकतर बॅटरीत दम नाही किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर ओढतोय. पण मीटर अकरा-साडेअकरा दाखवतोय आणि सेल्फ तरीही फिरत नाही, तर बॅटरी निर्दोष आहे. करंट वाटेत अडलाय. मला वाटतं तुमच्याकडे हेच निघेल.

आता अर्थ. इथे घाई करू नका.

ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअर बॉक्स हे एकमेकांना बोल्ट करून जे अंग तयार होतं, तीच त्याची बॉडी. सेल्फ या अंगाला बसतो आणि परतीचा सगळा करंट याच अंगातून, निगेटिव्ह केबलच्या एका लगातून, बॅटरीकडे जातो. सेल्फ फिरताना तो दोनशे-तीनशे अँपिअरच्या घरात असतो. हेडलाइट, हॉर्न, मीटर यांना पाच-दहा अँपिअर लागतात, म्हणून खराब अर्थवरही ते कसेबसे चालतात आणि आपल्याला वाटतं करंट तर येतोय.

तुमच्या ट्रॅक्टरवर नवा रंग आहे, हे वाचल्याबरोबर माझं लक्ष तिथे गेलं. विकण्याआधी रंग मारणारा माणूस बॅटरीची पेटी, बोल्ट, पट्टी काही काढत नाही. सगळ्यावरून फवारा फिरवतो. कधी अर्थची पट्टी काढतो, खाली रंग मारतो आणि रंगावरच पट्टी परत कसतो. बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढ्यावर गाडी चालते. नाशिकच्या कोरड्या हवेत हे वर्षभर निभावतं. आपल्याकडे जून लागला की त्या लगाखाली ओल शिरते, गंज धरतो, आणि उन्हाळ्यात चालणारा ट्रॅक्टर पावसात अडतो. ऋतू बदलला तशी तक्रार सुरू झाली, ही मोठी खूण आहे.

माप असं घ्या. मीटर डीसी २० वोल्टच्या रेंजवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा; लगावर नको, शिशाच्या खांबावर. लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर, एखाद्या न रंगवलेल्या बोल्टच्या डोक्यावर खरवडून घट्ट धरा. इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपची दांडी ओढून ठेवा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला, आणि दुसऱ्या माणसाला सीटवर बसवून चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ किंवा ०.३ वोल्टच्या आत हवा. एक, दीड, दोन वोल्ट आला तर तेवढे वोल्ट अर्थमध्येच जळतायत, सेल्फला मिळतच नाहीत. मग लाल पिन एकेक पायरी बॅटरीकडे आणा: ब्लॉकवरून अर्थच्या बोल्टवर, बोल्टवरून लगावर, लगावरून केबलच्या दुसऱ्या टोकाच्या टर्मिनलवर. ज्या दोन जागांच्या मधे आकडा एकदम उतरतो, दोष तिथेच.

तसंच पॉझिटिव्ह बाजूलाही करा: एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरी सेल्फच्या जाड नटावर. सेल्फ मारताना अर्ध्या वोल्टपेक्षा जास्त नको.

मीटर नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. जंप केबलची एक काळी वायर घ्या, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरा थेट सेल्फच्या बॉडीजवळ इंजिनला लावा. सेल्फ मारा. कालपर्यंत टक-टक करणारा सेल्फ गरकन फिरला तर निदान झालं.

दुरुस्तीत कंजुषी नको. बोल्ट काढा, लगाच्या आकाराएवढा रंग खरवडून पांढरं लोखंड दिसेपर्यंत साफ करा. लगाची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा. दातेरी वॉशर घाला, कसा, आणि कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावा. क्रम हाच: आधी धातूला धातू, मग वर ग्रीस. केबल हातात घेऊन वाकवून बघा. लगाजवळ कडक लागत असेल, इन्सुलेशन फुगलं असेल किंवा आत हिरवी पूड दिसत असेल तर ती केबल गेलीय, साफ करून उपयोग नाही. नवी घेताना तांब्याची, ३५ चौरस मिलीमीटर किंवा त्याहून जाड घ्या. बाजारात वरून जाड आणि आत तारा मोजक्या अशाही केबल मिळतात; दुकानदाराला टोक कापून दाखवायला सांगा. बॅटरीच्या खांबावरची पांढरी-हिरवट बुरशी खाण्याचा सोडा गरम पाण्यात घालून धुवा, पण झाकणं घट्ट बंद करून; तो सोडा आत गेला तर ॲसिड मारतो.

एक जास्तीची पट्टी मी जवळजवळ प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरला घालतो: बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टवर. खर्च थोडा, आणि मधले सगळे गंजके जोड वाटेतून बाजूला होतात.

एवढं करून सेल्फ नीट फिरला तर त्याला हात लावू नका. नाही फिरला तर आवाज ऐका. भराभर टक-टक-टक म्हणजे सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढतो, वोल्टेज कोसळतं, सोडतो, पुन्हा ओढतो. ते अजून बॅटरी किंवा जोडाचंच दुखणं. एकच दणकट 'टक' आणि पुढे काही नाही, हेडलाइटही तेजच, तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे काँटॅक्ट जळालेत किंवा कार्बन (सेल्फच्या आतले घासणारे ब्रश) संपलेत. सेल्फ फिरतो पण जड, केबल तापते, तर बुश (आतल्या दांड्याला धरणाऱ्या कड्या) झिजून आर्मेचर (फिरणारा गाभा) आत घासतंय. चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरात हे हमखास, कारण सेल्फ खालीच असतो आणि चिखलाचं पाणी आत जातं. या तिन्ही गोष्टी दुरुस्त होतात: कार्बन, बुश, सोलेनॉइड वेगळे मिळतात. आर्मेचर जळालेलं असेल तेव्हाच नव्या सेल्फचा विचार करा.

चावी फिरवली आणि काहीच आवाज नाही, तर सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर, ज्यावर बहुतेक ठिकाणी ५० लिहिलेलं असतं, टेस्ट लॅम्प लावून चावी फिरवा. बल्ब पेटला नाही तर दोष चावीच्या स्विचमध्ये, मधल्या वायरीत किंवा सेफ्टी स्विचमध्ये.

या सेफ्टी स्विचबद्दल मला मनापासून सांगायचंय. क्लच दाबल्याशिवाय किंवा न्यूट्रल असल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून तो असतो. जुन्या ट्रॅक्टरात तो बिघडला की कुणीतरी दोन वायरी पिळून त्याला बायपास करतं. मग एक दिवस चावीही चालत नाही, आणि माणूस खाली उभा राहून स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन नट जोडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर डिझेल इंजिन पहिल्याच फेऱ्याला धरतं आणि मागचं मोठं चाक त्या माणसाच्या अंगावरून जातं. सेल्फजवळ उभा माणूस नेमका मागच्या चाकाच्या वाटेत असतो, पळायला वेळ मिळत नाही. अशाने माणसं गेलीत, आणि पुष्कळ. तुमच्या ट्रॅक्टरवर क्लच न दाबता सेल्फ लागतो का, ते आजच बघा, न्यूट्रलमध्ये आणि सीटवर बसून. लागत असेल तर पुस्तकात तुमच्या मॉडेलला क्लचचा तो स्विच आहे का ते पाहा, आणि असेल तर नवा बसवून घ्या. घरातल्या पोरांनाही सांगा, सेल्फ मारायचा तो सीटवरूनच.

आता चार्जिंग. इंजिन चालू करा, रेस मध्यम, साधारण १५०० फेरे, आणि बॅटरीच्या खांबांवर मापा. १३.८ ते १४.५ च्या मधे हवं. हेडलाइट लावल्यावरही साडेतेराच्या खाली उतरायला नको. १२.५ च्या आसपासच राहिलं तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचं वोल्टेज आवरणारा भाग) गेलाय. बॅटरी उकळेल, पाणी आटेल, हेडलाइटचे बल्ब वरचेवर उडतील.

चार्जिंग कमी दिसलं की अल्टरनेटर उतरवण्याआधी पट्टा बघा. दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबल्यावर १०-१५ मिलीमीटर दबावा. चकाकणारा, तळाला टेकलेला पट्टा घसरतो आणि लोड आला की चार्जिंग पाडतो. मग अल्टरनेटरच्या जाड नटावर, बी प्लसवर, मापा. तिथे १४.२ आणि बॅटरीवर १३.२ असेल तर अल्टरनेटर त्याचं काम करतोय. मधल्या वायरीत एक वोल्ट जातोय. जुन्या मॉडेलांत ही वायर मीटर पॅनेलवरच्या अँपिअर मीटरमधून जाते आणि त्याच्या मागचे नट ढिले होऊन काळे पडलेले असतात. बॅटरीचा निगेटिव्ह काढून ते नट साफ करून कसा.

तुमच्या लाल दिव्याकडे येऊ. चावी चालू, इंजिन बंद: दिवा स्वच्छ पेटायला हवा. तो नुसता दाखवायचा दिवा नाही. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा फील्ड करंट (आतलं चुंबक जागं करणारा) याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर उठतच नाही किंवा खूप रेस दिल्यावर उठतो, आणि लोक चांगला अल्टरनेटर बदलतात. इंजिन चालू झाल्यावर दिवा पूर्ण विझला पाहिजे. चावी बंद, इंजिन बंद, आणि तरीही दिवा अंधुक जळतोय, तर बॅटरीचा करंट उलट्या वाटेने डायोडमधून रोटरमध्ये (अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या चुंबकाच्या गुंडाळीत) शिरतोय.

याची खात्री करायला एक जुनी रीत आहे. रात्रभर उभा असलेल्या ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरवर सकाळी, चालू करण्याआधी, हात ठेवा. सगळं इंजिन गार आणि अल्टरनेटर कोमट लागला, तर रात्रभर त्यातून करंट वाहत होता. दुसरी खूण: पातळ स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. चावी चालू असताना हलकी ओढ जाणवली पाहिजे, म्हणजे रोटरला फील्ड मिळतंय. चावी बंद असतानाही ओढ लागली तर डायोड शॉर्ट. डायोडची प्लेट वेगळी मिळते, रेग्युलेटरही वेगळा मिळतो. बेअरिंग आवाज करत नसतील आणि वाइंडिंग जळकट वास मारत नसेल, तर अख्खा अल्टरनेटर बदलायची गरज नाही.

आणि कृपा करून कुणालाही इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून चार्जिंग बघू देऊ नका. अल्टरनेटर येण्याआधीच्या, डायनामो आणि कटआउटच्या जमान्यातली ती सवय अजून गावोगाव आहे. अल्टरनेटरला बॅटरी अचानक सुटली की वोल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर तिथल्या तिथे उडतात. तुमचा डायोड असाच गेला असण्याची शक्यता मला बरीच वाटते. वेल्डिंगचंही तसंच. ट्रॉली, केज व्हील, रोटाव्हेटर ट्रॅक्टरला जोडलेला ठेवून वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह आणि अल्टरनेटरच्या वायरी काढा, आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या जागेजवळच लावा.

गळतीचा हिशेब बहुतेक लोक करत नाहीत, तो करून बघा. ८० एएचची भरलेली बॅटरी बारा तासांच्या रात्रीत पूर्ण बसायची तर सहा-सात अँपिअर सतत जायला हवेत. एवढी गळती असेल तर कुठली तरी वायर गरम लागेल. गेलेल्या डायोडमधून रोटरला साधारण दोन ते चार अँपिअर जातात. चार पार्किंग लाइट चुकून चालू राहिले तर पावणेदोनच्या आसपास. म्हणजे रात्रीत बसणारी बॅटरी संध्याकाळीच अर्धी रिकामी असते. दिवसा नीट भरत नाही आणि रात्री गळते, दोन्ही मिळून ती बसते. म्हणूनच नुसता डायोड बदलून किंवा नुसता अर्थ साफ करून भागणार नाही, दोन्ही करा.

गळती मापायची तर चावी बंद, सगळे दिवे बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि लग व खांब यांच्या मधे आधी टेस्ट लॅम्प लावा. बल्ब पेटला तर गळती मोठी. तेव्हा मीटर लावला तर त्याच्या आतला फ्यूज उडू शकतो. पेटला नाही तर मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, चावीही चालू करायची नाही. जुन्या साध्या ट्रॅक्टरात, घड्याळ किंवा टेप नसेल तर, आकडा शून्याच्या जवळच हवा. काही दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा, शेवटी अल्टरनेटरचा बी प्लस सोडवा (त्याआधी बॅटरी पूर्ण तोडून, मग परत मीटर लावून). जे काढल्यावर आकडा पडतो, चोर तिथे.

आधीच्या मालकाने काय काय जोडलंय, ते एकदा उजेडात बसून बघाच. एलईडी बार, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टिम, टपावरचा पंखा; त्यांची वायर बहुतेक वेळा फ्यूजशिवाय थेट बॅटरीवरून किंवा सेल्फच्या नटावरून घेतलेली असते. फ्यूज होल्डरमध्ये फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी असेल, तर ती आधी काढा. फ्यूज वायरीला वाचवतो. तिथे तार लावली की फ्यूजच्या जागी वायर जळते, आणि डिझेलची नळी वायरिंगपासून वीतभर अंतरावर असते. ५५/६० वॉटचे दोन बल्ब मिळून दहा अँपिअर ओढतात. तिथे कुणी १०० वॉटचे घातले असतील तर सोळा-सतरा होतात, आणि मूळ स्विच तेवढ्यासाठी नसतो. स्विच वितळला की नवा स्विच घालून पुन्हा तेच. त्यापेक्षा रिले (मोठा करंट सांभाळणारा वेगळा स्विच) घाला आणि बल्ब मूळ वॉटचे. बोनेटमधल्या हेडलाइटचा अर्थ पुष्कळदा बिजागरीतूनच येतो, तो गंजला की दिवे पिवळे. तिथेही एक स्वतंत्र अर्थ वायर टाका. तुमच्या पिवळट दिव्यांचं अर्धं उत्तर यात असू शकतं.

ट्रॅक्टर पेंढ्याशेजारी उभा राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधा, विशेषतः मीटर पॅनेलच्या मागे आणि बॅटरीच्या पेटीखाली. जॉइंट करताना पिळून टेप लावू नका. आपल्या दमट हवेत टेपचा डिंक सुटतो आणि आतलं तांबं हिरवं पडतं. थिंबल (वायरीवर दाबून बसवायची धातूची नळी) दाबून वर हीट श्रिंक नळी (तापवल्यावर आवळून बसणारी) चढवा. सोल्डरिंग दिसायला छान, पण ट्रॅक्टरच्या हादऱ्यात वायर सोल्डरच्या कडेलाच तुटते, म्हणून मी ट्रॅक्टरवर दाबलेलं थिंबलच पसंत करतो.

ट्रॉलीचं काम सगळ्यात सोपं आहे. सध्या तिच्या दिव्यांचा परतीचा करंट हुकच्या पिनमधून येतोय. पिनला ग्रीस, गंज, माती. वाट मिळाली नाही की इंडिकेटरचा करंट ब्रेकलाइटच्या बल्बमधून उलटा फिरून परत जातो, म्हणून दोन्ही मिळून लुकलुकतात. सॉकेटमधून एक स्वतंत्र अर्थ वायर ट्रॉलीच्या बॉडीपर्यंत न्या आणि रंग खरवडून कसा. अर्ध्या तासाचं काम, पण पावसाळी रात्री नाशिक हायवेवर तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकला तुमची ट्रॉली दिसणार की नाही, हे त्यावर ठरतं. चिखलणीची घाई असली तरी हे मागे ठेवू नका. मागचे लाल रिफ्लेक्टरही धुऊन घ्या.

हे होईपर्यंत शेजाऱ्याच्या बॅटरीवरून चालू करावा लागला तर पहिली लाल केबल, मग काळी, आणि काळीचं शेवटचं टोक तुमच्या बॅटरीवर नाही, इंजिनच्या ब्लॉकवर, बॅटरीपासून लांब. भरणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको. आणि डंपर किंवा मोठ्या ट्रककडून करंट घेऊ नका. त्यांची यंत्रणा बहुधा २४ वोल्टची असते. त्या एका घाईत बल्ब, रेग्युलेटर आणि डायोड एकदम जातात.

चिखलणी झाल्यावर प्रेशरने धुताना अल्टरनेटर आणि सेल्फवर थेट फवारा मारू नका. मग कापणीपर्यंत ट्रॅक्टर उभाच राहणार असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा ती भरून घ्या.

आता तुमच्याकडून मला चार आकडे हवेत: रात्रभर ठेवलेल्या भरलेल्या बॅटरीचे वोल्ट, सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवरचे, सेल्फ मारतानाच निगेटिव्ह खांब ते ब्लॉक, आणि इंजिन चालू, हेडलाइट लावून बॅटरीवरचे. सकाळी अल्टरनेटर कोमट लागतो का, तेही लिहा. अर्थ साफ करण्याआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे पाठवलेत तर सेल्फ उघडायचा की नाही हे नक्की सांगता येईल. डायोड प्लेट घ्यायला कल्याणला जाल तेव्हा अल्टरनेटरवरच्या पट्टीवरचा नंबर लिहून न्या, किंवा सरळ जुनी प्लेटच काढून सोबत न्या. दिसायला सारख्या प्लेटांची भोकं वेगळी असतात.